पुरात पाय कापलेल्या पोराचा खर्च कुणी करायचा? स्वयंसेवक म्हणजे नेमकं कोण?

दूधगंगाकाठ (सदलगा)
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण वाचा.

२०२१ च्या जुलैत दूधगंगेचं पाणी चढलं तेव्हा आमच्या गल्लीतली चौदा-पंधरा पोरं रात्रभर पाण्यात होती. बोट वेळेत आली नाही, मग गुऱ्हाळावरची काहील (उसाचा रस उकळायची मोठी कढई) काढली, दोन्ही अंगांना ट्रॅक्टरच्या ट्यूबा बांधल्या आणि मळ्यातल्या वस्तीवरची म्हातारी माणसं, लेकरं, दोन शेरडं असं खेपा करत आणलं. काहिलीला ना वल्हं ना सुकाणू, एका बाजूला वजन गेलं की लगेच कलते, म्हणून चौघांनी चारी बाजूंनी काठ धरून छातीएवढ्या पाण्यातनं चालायचं. उसाच्या सऱ्या पायाला लागतात त्यावरनंच कळतं रान कुठं संपलं आणि ओढा कुठं सुरू झाला.

तर त्यातल्या एकाचा पाय पाण्याखालच्या पत्र्यावर कापला. अकरा टाके पडले. पोरगा यंत्रमागावर जातो, काम केलं तर पगार, एकोणीस दिवस घरी बसला. दवाखान्यात (नाव घेत नाही) कागद भरताना विचारलं, कामावर असताना लागलं काय? त्यानं माझ्याकडं बघितलं. कामावर म्हणावं तर मालक कोण, घरात लागलं म्हणावं तर खोटं. शेवटी "पडला" असं लिहिलं. बिल आम्ही वर्गणी काढून भागवलं, बुडालेला पगार त्याच्या घरानं सोसला. पुढच्या पंधरा ऑगस्टला सगळ्यांना नारळ दिला, सत्कार केला, तो लंगडत आला होता. ते अजून माझ्या डोळ्यापुढनं जात नाही.

आता मंडळानं ठरवलंय की पावसाळ्याआधी कायमची टीम करायची, नावं लिहून, सराव करून. म्हणून विचारतो, आपल्या देशात स्वयंसेवक कोणाला म्हणायचं हे कुठं लिहिलंय काय? त्याला लागलं, त्याचं बरंवाईट झालं तर जबाबदारी कुणाची? आणि हे सगळं उभं कसं करायचं?

टिळकवाडी_तिसरं_गेट
दादा, त्या "पडला" शब्दातच सगळं आलं बघा.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते म्हणून व्याख्येचं तेवढं सांगते. सगळ्या स्वयंसेवकांना लागू होईल असा एक कायदा आपल्या देशात नाही. योजनेयोजनेत वेगळा अर्थ आहे. व्याख्या म्हणून जी सगळीकडे धरतात ती कामगार संख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं २०१३ साली ठरवली, की पगार नाही, सक्ती नाही, आणि काम स्वतःच्या घरासाठी किंवा कुटुंबासाठी नाही, दुसऱ्यासाठी आहे. चार आठवड्यांत किंवा महिन्यात एक तास जरी केलं तरी धरायचं. आणि त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, ती म्हणजे संस्थेतर्फे केलेलं आणि थेट शेजाऱ्यासाठी केलेलं, दोन्ही धरतात. म्हणजे तुमची पोरं कुठल्याही संस्थेत नव्हती तरी त्या व्याख्येत पूर्ण बसतात.

आपल्याकडे मोजणी झाली २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, माणूस चोवीस तास कशात घालवतो त्याची. बिनपगारी स्वयंसेवा, शिकाऊ म्हणून केलेलं काम आणि तसली बाकीची कामं एकत्र धरून एखाद्या दिवशी ती करणारे लोक निघाले २.४ टक्के. मला हा आकडा कमी वाटतो. आमच्या आईला विचारलं, तू स्वयंसेवा करतेस का, तर नाही म्हणेल. पण गल्लीत कुणाच्या घरी मयत झाली तर तीन दिवस त्या घरचं चूल-चहा सगळं तीच बघते. आपण त्याला शेजारधर्म म्हणतो, म्हणून विचारणाऱ्याला सांगतच नाही. जे सांगितलं जात नाही ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं जात नाही त्याला बजेटमध्ये एक रुपया पडत नाही.

गडहिंग्लजचा_बाळू
मी सीमेपलीकडचा, महाराष्ट्रातला, पण नदीला काय सीमा कळते होय. २०१९ च्या पुरात आमच्याकडनं ट्रक भरून चादरी, बिस्किटं, चारा घेऊन संकेश्वर, निपाणीकडं आलतो आम्ही, कुणी रजिस्टर विचारलं नाही, कुणी ओळखपत्र मागितलं नाही. माझं प्रामाणिक मत, कागद आला की माणूस मागं हटतो. ज्याला यायचं तो येतोय. नावं लिहायला लागलात की पद येतंय, पद आलं की भांडण येतंय, आणि मग पाणी आलं की पदाधिकारी फोटोत आणि पोरं पाण्यात. रागवू नका पण बघितलंय म्हणून सांगतोय.

कडोलीचा_मास्तर
बाळू, तुझं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी माझा अनुभव सांगतो.

मी नऊ वर्षं एनएसएसचा (कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना) कार्यक्रम अधिकारी होतो. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत आणि ४०,००० विद्यार्थ्यांवर ही योजना सुरू झाली. एका पोरानं दोन वर्षांत २४० तास द्यायचे, म्हणजे वर्षाला १२०, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. कागदावर हे ऐच्छिक. पण एका कॉलेजात (माझं नव्हे) सरळ यादी लावली होती, अमुक वर्गानं एनएसएस घ्यायचंच. तिथलं शिबिर बघायला मी गेलो होतो. रस्त्याच्या कडेला खड्डे काढून ठेवलेले, रोपं टेम्पोत सुकून गेलेली, पोरं सावलीत बसून डायरीत तास भरत होती. आणि त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या गावात तेवढ्याच पोरांनी सात दिवसांत विहिरीतला गाळ काढला, कारण गाव त्यांच्याबरोबर खाली उतरलं होतं. रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरनं भाकरी, पिठलं, मिरचीचा खर्डा यायचा. योजना तीच, तास तेच. एका ठिकाणी सक्ती होती, दुसऱ्या ठिकाणी गावाला गरज होती आणि पोरांना ती दिसत होती.

पण म्हणून नोंदच नको असं मी म्हणणार नाही. त्या डायरीमुळंच पोराला पुढं नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला काहीतरी राहतं. यंत्रमागावरच्या पोराला कुठली डायरी? देशातली बहुतेक सगळी व्यवस्था, एनएसएस, एनसीसी, आता २०२३ च्या ऑक्टोबरपासून ते तरुणांसाठीचं सरकारी माय भारत पोर्टल, ही शिकणाऱ्या किंवा तरुण पोरांसाठी आहे. चाळिशीतला गवंडी, पन्नाशीतला नावाडी, ज्याला पाण्याचं सगळं कळतं, तो कुठल्याच यादीत नाही.

खानापूरची_आशा
मी आशा कार्यकर्ती आहे त्यामुळं मला या शब्दाबद्दल बोलायचंच आहे.

२००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासून आम्हाला कागदावर स्वयंसेविका म्हणतात. हजार लोकसंख्येमागं एक बाई. पगार नाही, मानधन आणि कामागणिक पैसे. आमच्याकडं जंगलातल्या वाड्या, पावसात नाल्याला पाणी आलं की रस्ता बंद. बाळंतीण असली तर पाळण्यासारखं खाटल्याला दोऱ्या बांधून चार माणसांनी खांद्यावरनं न्यायची, मी पुढं टॉर्च धरून. हे मी मनापासून करते, कुणी सक्ती केली म्हणून नाही. पण सकाळी सर्व्हे, दुपारी मीटिंग, संध्याकाळी मोबाईलवर माहिती भरणं, एक दिवस चुकलं तर वरनं फोन, याला स्वयंसेवा कसं म्हणायचं तुम्हीच सांगा. नाही म्हणायची मुभा असेल तर स्वयंसेवा, नाही म्हटलं की जाब विचारत असतील तर ती नोकरी. अंगणवाडीच्या बायकांचंही तेच होतं, १९७५ पासून मानधनावर, २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्यांना ग्रॅच्युइटी द्यायला पाहिजे तेव्हा कुठं थोडं हललं.

दूधगंगाकाठ दादा, तुमच्या टीममध्ये हे आधी ठरवा. पोरगा आज नको म्हणाला तर त्याला कुणी टोमणा मारायचा नाही. आणि बायका घ्या. छावणीत बायकांना रात्री संडासला जायची अडचण, पाळीचे कपडे, अंगावर पिणारं मूल, हे पुरुष स्वयंसेवकाला कोणी सांगत नाही ओ.

टिळकवाडी_तिसरं_गेट
ताई, "नाही म्हणायची मुभा" ही व्याख्या मी वर्गात शिकवणार उद्यापासून.

शहापूरकर_जर्मनीत
मी मूळ शहापूरचा, आठ वर्षं इकडं आहे. इथली एक पद्धत सांगतो, जशीच्या तशी आपल्याकडं होईल असं नाही पण विचार करण्यासारखी आहे.

इथं टेक्निशेस हिल्फ्सवेर्क म्हणून सरकारी आपत्ती दल आहे, १९५० साली सुरू झालं. ते जवळजवळ सगळं स्वयंसेवकांवर चालतं, ८०,००० च्या वर माणसं. माझा सहकारी त्यात आहे. पूर आला की त्याला फोन येतो, तो कामावरनं उठून जातो, आणि कंपनीला त्याला सोडावंच लागतं, पगारही कापता येत नाही. पण कंपनीनंही का सोसावं? तर त्या दिवसांचा पगार खासगी कंपनी सरकारकडनं परत मागू शकते. लागलं तर विमा. त्यामुळं दोन दिवस गाळ उपसून आला तरी त्याच्या घरचं काही बुडत नाही. मी त्याला एकदा विचारलं, मग हे स्वयंसेवा कसलं, तर तो म्हणाला की मला या कामाचे पैसे मिळत नाहीत, मिळतो तो माझा नेहमीचा पगार, फक्त मी मदतीला गेलो म्हणून तो तुटत नाही.

मला वाटतं सदलग्याच्या पोराचं दुखणं नेमकं इथं आहे. त्यानं मदतीचा मोबदला मागितलाच नव्हता, फक्त मदत केली म्हणून त्याचे एकोणीस दिवस बुडायला नको होते.

नाना_अनगोळ
मुलांनो, बेळगावात बसून स्वयंसेवकाचं बोलताय आणि १९२४ ची कुणाला आठवण नाही?

टिळकवाडीत त्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष, आयुष्यात एकदाच ते अध्यक्ष झाले ते इथं. सगळा बोजा गंगाधरराव देशपांड्यांनी उचलला. पाण्यासाठी खणलेली विहीर अजून आहे, लोक काँग्रेस विहीर म्हणतात. आणि स्वयंसेवकांची बाजू होती डॉक्टर ना. सु. हर्डीकरांकडं, त्यांनी आदल्याच वर्षी हिंदुस्थानी सेवा दल उभं केलं होतं. का उभं केलं? तर १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांपैकी बरेच जण माफी लिहून सुटले, हुबळीकडची हर्डीकरांची पोरं टिकली. कारण ती तयार केलेली होती, कवायत, शिस्त, एकत्र राहणं. उत्साह सगळ्यांकडं होता, तयारी थोड्यांकडं होती. माझ्या वडिलांचे मामा त्या अधिवेशनात पाण्याच्या घागरी वाहायला होते, ते सांगायचे की आधी कित्येक दिवस सराव होता, कोण कुठं उभा राहणार, कोण कुणाला बदली येणार. नुसतं "चला रे" म्हणून ते झालं नव्हतं.

बाळू, तुझा कागदाचा राग मला कळतो. पण सराव करायचा तर यादी लागतेच बाबा.

गडहिंग्लजचा_बाळू
नाना तुमच्यापुढं काय बोलू. सराव पाहिजे हे मान्य. पण तरी सांगतो, यादी करा, अध्यक्ष करू नका.

हिशेबनीस_निपाणी
मी सोसायट्यांचे, ट्रस्टचे कागद करतो, तर कामाचं तेवढं लिहितो.

पहिली गोष्ट, नोंदणी. इकडं कर्नाटकात संस्था करायची तर १९६० चा कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, कमीत कमी सात सभासद, सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडं जायचं. पलीकडं महाराष्ट्रात १८६० चा जुना सोसायटी कायदा आणि त्यावर १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, धर्मादाय आयुक्ताचं ऑफिस. त्यामुळं कोल्हापूरच्या मित्राचा घटनेचा मसुदा नाव बदलून इकडं आणू नका, दरवर्षी माझ्याकडं असे दोन-तीन येतात आणि परत जातात. पण खरं सांगायचं तर पाण्यात उतरायला संस्था लागत नाही. मोठ्या देणग्या घ्यायच्या, देणगीदाराला ८०जी (प्राप्तिकरातली सवलत) द्यायची, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा निधी) मागायचा, तर संस्था लागते, आणि मग दरवर्षी ऑडिट, सभा, रिटर्न हे सगळं गळ्यात येतं. झेपत असेल तरच करा.

दुसरी गोष्ट विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, बँक खात्यातनं आपोआप जातात, १८ ते ७० वयाला चालतो, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. जूनमध्ये सुरू होतो, मे महिन्यात संपतो, म्हणजे नेमका पावसाळ्याआधी. सगळ्या पोरांचा काढाच. पण हे लक्षात ठेवा, यात टाके, दवाखान्याचं बिल, बुडालेला पगार काही मिळत नाही, त्या पोराला यातनं एक रुपया मिळाला नसता. त्यासाठी टीमची गट अपघात पॉलिसी घ्यायची, तीत दवाखान्याचा खर्च जोडून मागता येतो. मंडळानं गणपतीच्या वर्गणीतला थोडा भाग तिकडं वळवला तर जमेल.

तिसरी, आणि ही बहुतेकांना ठाऊकच नसते. आपत्ती निधीच्या केंद्राच्या निकषांत मृताच्या वारसाला ४ लाख आहेत, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की बचावकार्यात किंवा पूर्वतयारीत असलेला माणूस गेला तरी ते लागू. फक्त कारणाचा दाखला सक्षम अधिकाऱ्याकडनं लागतो. आता तहसीलदाराला कळणार कसं की हा पोहायला गेला होता का माणसं काढायला गेला होता? म्हणून नावांची यादी पावसाळ्याआधी ग्रामपंचायत किंवा पुरसभा (इकडची छोटी नगरपालिका), तहसील आणि पोलीस स्टेशनला देऊन, पोच घेऊन ठेवायची. बाळूभाऊ, कागद पदासाठी नाही, यासाठी पाहिजे.

कडोलीचा_मास्तर
त्याला जोडून, आपदा मित्र म्हणून योजना आहे. २०१६ ला ३० पूरग्रस्त जिल्ह्यांत चालू झाली, मग ३५० जिल्ह्यांत एक लाख माणसं तयार करायचं ठरलं. बारा दिवसांचं ट्रेनिंग, लाइफ जॅकेट, टॉर्च, प्रथमोपचार असं किट, विमाही धरलेला. जिल्हाधिकारी कचेरीतल्या आपत्ती विभागात विचारा, पुढची बॅच आहे काय. दोन पोरं जरी शिकून आली तरी बाकीच्यांना शिकवतील.

दूधगंगाकाठ (सदलगा)
सगळ्यांचे आभार कसे मानू. दोन रात्री वाचतोय हे.

तीन गोष्टी डोक्यात बसल्या. आशाताईंचं "नाही म्हणायची मुभा", ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिणार. शहापूरकरांचं पगार तुटू नये हे. सरकार देईल तेव्हा देईल, आम्ही चौघा कारखानदारांशी बोललो, त्यातले दोघं म्हणाले पुराचे तीन दिवस आम्ही हजेरी धरतो. दोघं म्हणाले बघू. आणि हिशेबनीस साहेबांची यादी, तिची पोच.

एक अडचण मात्र खरी आहे. तहसीलला अर्ज कन्नडमधनं द्यायचा, आमच्यातल्या निम्म्या पोरांना बोलायला येतं, लिहायला येत नाही. आणि मला या धाग्यावर भाषेचं भांडण नकोय, पाण्यात असताना आम्ही कन्नड वस्तीवरच्या आजीला "बा अज्जी, हेदरबेडा" (ये आजी, भिऊ नको) म्हणूनच काहिलीत घेतलं होतं, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. फक्त अर्ज नीट लिहिला जावा एवढंच. आणि वस्तीवरची चार कन्नड पोरंही टीममध्ये येतो म्हणालीत.

खानापूरची_आशा
मग अर्ज त्याच पोरांकडनं लिहून घ्या की, विचारायचं काय त्यात. बायका किती झाल्या यादीत?

दूधगंगाकाठ (सदलगा)
तीन. एक नर्सिंगची पोरगी, एक बचत गटाच्या ताई, आणि त्या पाय कापलेल्या पोराची आई. तो पण आहे.

गडहिंग्लजचा_बाळू
आमच्याकडं दोन लाइफ जॅकेट जास्तीची आहेत, रविवारी घेऊन येतो. यादीत माझं नाव घाला, पत्ता पलीकडचा चालतोय काय बघा.

हिशेबनीस_निपाणी
यादीला चालतो. गट पॉलिसीला विमा कंपनीला आधी विचारावं लागेल, मी सोमवारी फोन करतो. सगळ्यांनी आधार आणि बँक पासबुकाच्या दोन-दोन झेरॉक्स आणा, वारसाचं नाव घरात विचारून या. आणि रक्तगट माहीत नसेल तर आधी तपासून घ्या, मागच्या वेळी एका टीमच्या यादीत निम्मे रकाने मोकळे होते.